एक्झिट दोनदा द्यावे

४ फेब्रुवारी

मावशी,

अक्षर वाकडंतिकडं आलंय ते समजून घे. रात्रभर झोपले नाहीये. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, मावशीच्या डोक्याला ताप देऊ नकोस असं आईने बजावलं होतं. पण मी दुसऱ्या कोणाला विचारू? आमच्या रंगाच्या कारखान्यात टाक्या चालवणारा तो शेल-प्रोग्रॅम आतून बघितलेली मी एकटी आणि लिहिलेली तू एकटी.

काल दुपारी सव्वादोनला तीन नंबरच्या टाकीतलं रंग ढवळायचं पातं फिरलं. टाकीत माणूस होता.

त्यांना इथे सगळे काडीपैलवान म्हणतात. तू निवृत्त झाल्यावर लागले. रिकाम्या टाकीत उतरून भिंतीला चिकटलेला रंग खरवडायचा हे त्यांचं काम. पन्नाशीचे आहेत, पण अंगाने इतके बारीक की टाकीच्या तोंडातून सुरळीसारखे आत जातात. काल पाण्याची नळी मागायला म्हणून ते शिडीवर चढले, कमरेपर्यंत बाहेर आले आणि खाली पातं फिरायला लागलं. शिडी हलली तसे ते बाहेर पडले, अक्षरशः पडले. त्यांची बादली आत राहिली होती. ती नंतर बाहेर काढली तेव्हा ताटासारखी चपटी झाली होती. मी ती बघितली आणि तिथेच जमिनीवर बसले.

कारण ते लॉक माझं आहे, मावशी. दोन वर्षांपूर्वी तुझ्या शेलमध्ये ते मीच घातलं. टाकीत कोणी उतरणार असेल तर ऑपरेटरने लॉक टाइप करायचं, की त्या टाकीचं पातं कोणीही चालू करू शकत नाही. आधी माणूस उतरताना फ्यूज काढून त्याच्याच खिशात देत असत. माझं लॉक आलं आणि साहेबांनी फ्यूज काढणं बंद केलं. माझं किती कौतुक झालं होतं, तुला पत्रात लिहिलं होतं मी.

सकाळच्या पाळीला शेलवर टोपीवाले काका होते. तुझ्या वेळचे आहेत, उन्हाळ्यातही लोकरीची टोपी घालतात ते. ते म्हणतात, मी तीन नंबर लॉक केली होती. दुपारच्या पाळीला अक्का बसल्या. त्या म्हणतात, तीन नंबर उघडी, म्हणजे लॉक नसलेली, दिसत होती म्हणून धुण्यासाठी चालू केली. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय, नाहीतर माझा प्रोग्रॅम. साहेबांनी काकांना घरी बसवलंय.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि स्क्रीनकडे बघायला डॉक्टरांची बंदी, म्हणून हे मोठ्या अक्षरातलं पत्र. कुरियरवाला दोन दिवसांत पोचवीन म्हणालाय. लवकर लिही. मला जेवण जात नाहीये.

तुझी भिंगरी

———

७ फेब्रुवारी

भिंगरी,

भिंग लावून दोनदा वाचलं. आधी जेव. उपाशी पोटी सी भाषेतल्या प्रोग्रॅममधली चूक सापडल्याचं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही.

माणूस वाचला ना? मग पाचावर धारण बसवून घेऊ नकोस. तुझी आई लहानपणी पाल दिसली की टेबलावर चढून बसायची आणि मग पालीला दिवसभर टेबल मिळायचं नाही. तू तिच्यावर गेली आहेस.

आता कामाचं. घाबरलं की माणूस पहिली पायरी विसरतो, म्हणून तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते. शेल म्हणजे खिडकीत बसलेला कारकून. तू टाइप करतेस, तो करतो. लॉक, अनलॉक, चालू, बंद ही कामं तो स्वतः करतो आणि कुठली टाकी उघडी, कुठली बंद हे स्वतःच्या डोक्यात ठेवतो. तापमान दाखव, साठा दाखव असली कामं मात्र तो स्वतः करत नाही. त्यासाठी तो स्वतःची हुबेहूब नक्कल करतो, तोच फोर्क. ती नक्कल आपलं रूप टाकून त्या कामाचं रूप घेते, काम उरकते आणि मरते. तोवर मूळ कारकून गप्प थांबून राहतो. सगळं मिळून तीनशे ओळींचा जीव आहे तो. त्यात भूत लपायला जागा नाही.

मला दोन गोष्टी पाठव. एक, सगळ्या कोडचा कागदावर छापलेला उतारा, अक्षर मोठं. माझ्या वेळचा आहे तसाच आहे की मधल्या वर्षांत कोणी त्यात हात घातला, ते बघायचंय. दुसरं, टोपीवाल्याने त्या दिवशी काय काय टाइप केलं ते, शब्दन् शब्द. माणसं सांगताना चुका गाळतात. चुकांसकट हवं.

आणि पाळी संपताना शेल बंद करायला त्याने एक्झिट दोनदा दिलं होतं का, तेही विचार. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं.

डोळा ठीक आहे. सकाळच्या उजेडात तासभर वाचू देतात.

मावशी

———

१० फेब्रुवारी

मावशी,

सोबत चौदा पानं आहेत. ती कशी बाहेर काढली ते विचारू नकोस. म्हणजे विचारलंस तरी सांगतेच, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. कोडचा कागद फाटकाबाहेर नेला तर नोकरी जाते. मी पानं पाठीला बांधली आणि वरून स्वेटर घातला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने रोजच्यासारखं "काय मॅडम, निघालात?" विचारलं आणि माझी बोबडी वळली. तोंडातून नुसतं "हं" निघालं. चालताना पाठीवर कागद वाजत होता. अख्ख्या रस्त्याला ऐकू जातोय असं वाटत होतं.

कोडमध्ये तुझ्यानंतर फक्त माझाच हात लागलाय. माझ्या ओळींना कडेला रेघ मारली आहे. बाकी सगळं तुझं, जसंच्या तसं.

काल काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून आत जाऊ देऊ की नको असा विचार करत उभ्या राहिल्या. काका आत खिडकीपाशी टोपी हातात घेऊन बसले होते. मी त्यांना बिनटोपीचं कधी पाहिलंच नव्हतं. डोकं अगदी लहान दिसलं. मला म्हणाले, "मुली, मी तीन नंबर लॉक केली. पडद्यावर 'तीन बंद' असं आलं, ते वाचलं, तेव्हाच त्याला उतर म्हणालो. लॉक आल्यापासून मी न वाचता कोणाला उतरवलं नाही." मग टोपीकडे बघत म्हणाले, "पण आता सगळे म्हणतात तर माझंही मन म्हणायला लागलंय, की वाचलं होतं का खरंच?" मावशी, मला तिथे रडू आलं.

तू म्हणालीस तसं चुकांसकट विचारलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं:

सकाळी तीन नंबर अनलॉक. मग चालू. रंग उपसून झाल्यावर पातं बंद. मग तापमान बघायचं होतं, तर थंडीने बोटं आखडली होती म्हणून चुकीचं टाइप झालं. "अशी कमांड नाही" असं आलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा चुकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बरोबर. मग तीन नंबर लॉक. दोनला एक्झिट, एक्झिट. नियमाप्रमाणे दोनदाच.

अक्का म्हणतात, त्या येऊन बसल्या तेव्हा पडद्यावर नाव विचारणारी पाटी नव्हतीच, काकांचा शेल उघडाच होता. त्यांना वाटलं काका घाईत निघून गेले. त्यांनी यादी बघितली, तीन नंबर उघडी होती. उघडी आहे म्हणजे आत कोणी नाही, असंच आम्ही सगळे धरून चालतो. प्रोग्रॅमवर भरवसा ठेवला त्यांनी, म्हणजे माझ्यावर.

अजून एक. २१ तारखेला, शुक्रवारी, पाच नंबरची टाकी साफ करायची आहे. ती पुढे ढकलता येत नाही, रंग वाळला की पातंच अडकतं. काडीपैलवानच उतरणार. त्याआधी मला चूक सापडायलाच हवी. सापडली नाही तर काय, हा विचार डोक्यात आला की मी उठून घरातल्या घरात फेऱ्या मारते.

तुझी भिंगरी

———

१३ फेब्रुवारी

भिंगरी,

पानं मिळाली, वाचली.

चूक लॉकच्या भागात असावी असं वाटतं. तू कडेला रेघ मारलेल्या ओळी पुन्हा तपास. टाक्यांची यादी जिथे ठेवली आहेस तिथे मोजणी शून्यापासून आहे की एकपासून, ते बघ. तीनचं लॉक चारला लागत असेल.

बाकीचा भाग वीस वर्षं चाललेला आहे. त्यात वेळ घालवू नकोस.

पानं मी ठेवून घेते. परत पाठवण्यात धोका आहे.

डोळा जरा दुखतोय, म्हणून थोडक्यात.

मावशी

———

१७ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचलं. म्हणजे माझ्याच ओळी. मनातून मला तेच वाटत होतं, पण तू लिहिलंस आणि ते खरं झालं.

मोजणी तपासली, ती बरोबर होती. तरी पूर्ण लॉक पाडून नव्याने लिहिलं. दोन दिवस जागेवरून उठले नाही. मग चाचणी घेतली. हाताने टाइप करायला किती वेळ जाईल म्हणून कमांडची एक लांब यादीच बनवून शेलला दिली. अनलॉक, चालू, बंद, तापमान, लॉक, एक्झिट, एक्झिट. दोनशे वेळा. दोनशेही वेळा बरोबर! लॉक केलेली टाकी एकदाही उघडली नाही. आनंद व्हायला हवा होता. पण मावशी, जुनं लॉक त्याच यादीवर लावून बघितलं तर तेही दोनशे वेळा बरोबर निघालं. मग मी दुरुस्त काय केलं?

साहेबांना हे सांगायला गेले. ते म्हणाले, "तुमचं नवीन लॉक चालतंय ना? मग झालं. जुन्या प्रकाराची चौकशी काकांची चूक म्हणून बंद करू." मी म्हणाले, थोडे दिवस फ्यूज काढून उतरवा. तर म्हणाले, "फ्यूजचा डबा आता दुसऱ्या इमारतीत गेलाय, तो उघडला की सगळ्या सहा टाक्या बंद होतात. तुमचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही का?" मी गप्प बसले. मला लाज वाटते, पण मी गप्प बसले.

मग काडीपैलवान स्वतः माझ्या टेबलाशी आले. हे कधी आमच्या खोलीत येत नाहीत, रंगाचे बूट बाहेर काढून अनवाणी आले. म्हणाले, "बाई, लॉक दुरुस्त झालं म्हणतात." मी हो म्हणाले. "नक्की?" मी टेबलावरचे कागद सारखे करत पुन्हा हो म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "मग शुक्रवारी माझ्याबरोबर आत या. तुम्ही आत असाल तर मी उतरतो. नाहीतर मला घरी पाठवलं तरी उतरत नाही."

त्यांचं चूक आहे का? मी हो म्हणाले.

तर शुक्रवारी सकाळी अकराला मी पाच नंबरच्या टाकीत उतरणार आहे. दुपारी तीनपर्यंत आत असू. आईला सांगितलेलं नाही, तू पण सांगू नकोस. रोज सकाळी जाताना मी त्या टाकीजवळून जाते आणि दुसरीकडे बघते. मला खूप भीती वाटते गं. पण माझं लॉक आहे, तर मीच आत असलेलं बरं.

तुला काही दिसलं असेल, कितीही बारीक, तर लिही.

तुझी भिंगरी

———

२१ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता

भिंगरी, टाकीत उतरू नकोस. उतरली असशील तर आत्ता बाहेर ये. त्यांनाही बाहेर काढ. चूक तुझ्या लॉकमध्ये नाही.

वरच्या ओळींचा फोटो काढून शेजारणीने तुझ्या फोनवर पाठवलाय. तुझा फोन फाटकावरच्या कपाटात पडलेला असणार हे मला ठाऊक आहे. ती आता कारखान्याच्या ऑफिसला फोन लावतेय. लागत नाही. कुरियरवाल्याने दोन दिवसांचे चार केले, तुझं पत्र आत्ता हातात पडलं. ती पुन्हा पुन्हा लावतेय आणि मी लिहितेय, कारण नुसतं बसले तर वेड लागेल. हे पूर्ण झालं की याचेही फोटो साहेबांना जातील.

नक्कल मरते असं मी तुला लिहिलं होतं. ती मरते, पण कमांड बरोबर असेल तरच. कमांड चुकीची टाइप झाली तर त्या नावाचं काम कुठेच नसतं, मग नकलेला रूप बदलता येत नाही. तिथे तिला मारणारी एक ओळ लिहावी लागते. ती ओळ माझ्या कोडमध्ये नाही. पान चार, खालून सहावी जागा. मी लिहायला विसरले होते.

त्यामुळे ती नक्कल जिवंत राहते आणि स्वतःलाच मूळ शेल समजून पडद्यावर बसते. तू जे टाइप करशील ते तीच घेते. मूळ शेल मागे तिच्या मरणाची वाट बघत थांबलेला. टोपीवाल्याने दोनदा चुकीचं टाइप केलं, म्हणजे नकलेची नक्कल झाली. तीन नंबर लॉक केली ते त्या शेवटच्या नकलेने ऐकलं. 'तीन बंद' तिनेच दाखवलं. त्याने खरंच वाचलं होतं. मग एक्झिट दिल्यावर ती मेली, दुसऱ्या एक्झिटला तिच्या आधीची मेली, आणि पडद्यावर आला तो सकाळचा मूळ शेल, ज्याच्या डोक्यात तीन नंबर उघडीच होती. लॉक झाल्याचं त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तिसरं एक्झिट दिलं असतं तर तोही गेला असता आणि नवा शेल सगळ्या टाक्या बंद करून उठला असता.

तुझ्या चाचणीत एकही कमांड चुकीची नव्हती, म्हणून दोनशे वेळा सगळं बरोबर.

लागला फोन. कोणीतरी उचलला. ती ओरडून सांगतेय, मला ऐकू येत नाही, तिच्या तोंडाकडे बघतेय. ती म्हणते, साहेबांना बोलवायला गेलेत.

उरलेलंही लिहिते. वीस वर्षांपूर्वीच ऑपरेटर तक्रार करायचे, की कधीकधी एक्झिट एकदा देऊन शेल जात नाही. मला कारण सापडेना आणि दुसऱ्या दिवशी वरचे लोक बघायला येणार होते. मी मॅन्युअलच्या पान अकरावर लिहून टाकलं, "सुरक्षिततेसाठी एक्झिट दोनदा द्यावे." वरच्या लोकांना ते फार आवडलं. सुरक्षेचा इतका बारीक विचार केला म्हणून माझी पाठ थोपटली. सहा महिन्यांनी खरं कारण कळलं. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ घातली असती तर दोनदा कशाला असं कोणीतरी विचारलं असतं. मी घातली नाही. त्या वेळी त्या शेलवर कोणाचा जीव अवलंबून नव्हता, फ्यूज खिशात असायची.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली. कोणीतरी मधल्या वर्षांत ती ओळ घातली असेल या आशेने पानं मागवली. पान चार बघितलं आणि शेपूट घातली. तुझ्या ओळींकडे बोट दाखवलं. तू नव्याने लिहिताना तुझ्याच नजरेला पडेल आणि माझं नाव न येता काम होईल, असं मनाला समजावलं.

साहेब, हे तुम्ही वाचत असाल तर टोपीवाले खरं बोलत होते. चूक माझी आहे आणि ती मला ठाऊक होती. त्या दोघांना बाहेर काढा.

———

२२ फेब्रुवारी

मावशी,

आम्ही बाहेर आहोत. दोघंही.

तुझी शेजारीण बोलत होती तेव्हा आम्ही उतरून दहा-पंधरा मिनिटं झाली होती. आत इतका उग्र वास असतो हे मला माहीत नव्हतं. पायाखाली पातं होतं, माझ्या उंचीएवढं. त्यावर पाय देऊनच उभं राहावं लागतं, दुसरी जागाच नाही. काडीपैलवान मला खरवडणी कशी धरायची ते दाखवत होते. माझे दात वाजत होते, तर म्हणाले, "बाई, पहिल्या दिवशी मी घरी जाऊन तापाने फणफणलो होतो." मग वरून साहेबांचा आवाज आला. ते कधी टाकीजवळ फिरकत नाहीत. "बाहेर या, बाहेर या," एवढंच ओरडत होते. काडीपैलवानांनी मला खालून ढकललं. आधी मला चढवलं. ते माझ्या मागे चढत होते आणि मी शिडीवर घसरत होते, माझ्यामुळे त्यांचा वेळ जात होता.

नंतर साहेबांसमोर मी शेलपाशी बसले. अक्कांनी सकाळी पाच नंबर अनलॉक करून उपसली होती. आम्ही उतरण्याआधी सगळे बघत होते म्हणून त्या गोंधळल्या आणि तीनदा चुकीचं टाइप झालं. मग त्यांनी लॉक केलं, आम्हाला 'पाच बंद' वाचून दाखवलं, मोठ्याने. मी एक्झिट दिलं. पुन्हा एक्झिट दिलं. यादी मागितली. पाच उघडी.

दुपारी दोनला पाळी बदलली असती. आम्ही तीनपर्यंत आत राहणार होतो.

अक्कांनी तोंडावर पदर धरला आणि बाहेर गेल्या. काडीपैलवानांनी पडदा बघितला, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मला विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं. ते त्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

तुझी ओळ मी घातली. मग मुद्दाम चुकीचं टाइप करत बसले, पन्नास वेळा, साठ वेळा, हात दुखेपर्यंत. आता शेल एका एक्झिटला जातो. तरीही मी लिहून दिलंय की फ्यूज काढल्याशिवाय कोणीही उतरणार नाही, आणि साहेबांनी त्यावर सही केली. साहेब स्वतः काकांच्या घरी जाऊन आले. काका सोमवारपासून येतील असं म्हणतात. काकू म्हणाल्या, बघू.

तुझं पत्र साहेबांनी चौकशीला लावलंय. त्याचं काय होईल मला माहीत नाही. तुला बोलावतील बहुधा.

मावशी, तू मला शिकवलंस. तुझ्या नावावर मला इथे नोकरी मिळाली. तू घाबरलीस हे मला कळतं, मी अडीच आठवडे घाबरूनच काढलेत. पण एक गोष्ट मला गिळवत नाही. २१ तारखेला काडीपैलवान उतरणार आहेत हे मी तुला दहा तारखेलाच लिहिलं होतं. ते वाचून तू मला मोजणी तपासायला सांगितलीस. आणि मी आत जाणार हे वाचलंस तेव्हा एका तासात तुला सगळं लिहिता आलं.

ते एकटे जाणार होते तेव्हा का नाही लिहिता आलं?

भिंगरी

———

२५ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते चांगलं नाही. तू माझी आहेस आणि ते माझे कोणी नव्हते. त्यांची बादली चपटी झाल्याचं वाचलं आणि त्या दिवशीही मी वेळेवर जेवले. टोपीवाला टोपी हातात घेऊन बसल्याचं वाचलं, तेव्हाही. कालपासून मी दुसरं उत्तर शोधतेय, जरा बरं दिसेल असं. नाही सापडलं.

चौकशीचं बोलावणं आलं. येत्या सोमवारी दुपारी. साहेबांनी लिहिलंय की तब्येतीमुळे येणं जमत नसेल तर लेखी चालेल. मी येते असं कळवलंय. डॉक्टर नको म्हणाले, त्यांना म्हटलं, डोळे मिटून बसेन गाडीत.

चौकशीच्या आधी मला त्या दोघांना भेटायचंय. टोपीवाल्याला मी ओळखते, तो माझ्या अंगावर ओरडेल आणि ते बरंच होईल. काडीपैलवानांना मी कधी बघितलेलं नाही. त्यांना तू फक्त एवढं विचार, मी समोर आलेली चालेल का. माफी मागायला येतेय असं सांगू नकोस, नाहीतर माफ करायलाच हवं असं त्यांना वाटेल. नको म्हणाले तर त्यांच्या कामाच्या जागेकडे मी फिरकणार नाही.

खरं सांगू? दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. वीस वर्षांत एवढी भीती वाटली नव्हती.

स्टँडवर मला घ्यायला येऊ नकोस. चौकशीच्या खोलीतही थांबू नकोस. तू समोर असलीस तर मी पुन्हा तुझ्याकडेच बघून बोलेन.

मावशी